अंगणातली शाळा आणि तिची शिक्षिका : नूतन बाल शिक्षण संघाची वाटचाल

नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने झाली, त्या वेळी शाळा ही सहा-सात वर्षांनंतरची गोष्ट मानली जात असे. त्याआधीचे मूल घरातल्या बायकांचे, आणि त्याला वाढवण्यात शिकण्याशिकवण्यासारखे काही असते असे सुशिक्षित घरांतही फारसे कोणाला वाटत नसे. संघाचा इतिहास बहुधा एका शिक्षणपद्धतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : माँटेसरी पद्धत भारतात कशी आली, ती इथल्या मातीला कशी मानवली आणि पुढे खेड्यापाड्यांत कशी पोहोचली. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोलही मोठे आहे. मात्र या घटनाक्रमात आणखी एक प्रश्न सुरुवातीपासून सतत पुढे येत राहतो, तो म्हणजे या वयाच्या मुलांबरोबर काम कोणी करायचे, त्या व्यक्तीला कोणी व कसे तयार करायचे आणि त्या कामावर तिची उपजीविका कशी चालायची. भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या चार मुक्कामांवर संघाने या प्रश्नाची चार निराळी उत्तरे शोधली, आणि शिक्षिका बदलली तसतसे शाळेचे रूपही बदलत गेले.

संघाची मुळे भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत आहेत. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये विद्यार्थिभवन म्हणून सुरू केलेल्या या संस्थेत गिजुभाई १९१६ मध्ये दाखल झाले. व्यवसायाने ते वकील होते, काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आले होते आणि स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांच्या लेखनापर्यंत पोहोचले होते. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये पहिले बालगृह उघडले होते. मुलाला सतत सांगत राहण्यापेक्षा त्याच्या इंद्रियांना व हातांना योग्य साधने दिली आणि त्याच्या गतीने काम करू दिले तर ते स्वतःच शिकते, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. या विचाराने गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरात बालमंदिर, म्हणजे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांची शाळा, सुरू केले. साधनांची रचना त्यांनी माँटेसरीबाईंकडून घेतली, तरी लोककथा, गाणी, नाट्यप्रवेश आणि बागकाम यांना त्यांनी दिलेले स्थान त्यांचे स्वतःचे होते. लहान मुलांना परीकथा सांगण्याविषयी माँटेसरीबाई साशंक होत्या, तर गिजुभाईंच्या बालमंदिरात गोष्ट ही रोजच्या भाकरीइतकी आवश्यक मानली जाई.

ताराबाई मोडक या कामात १९२३ मध्ये आल्या, आणि त्यांचे येणे बालशिक्षणाच्या व्यवसायाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १८९२ मध्ये प्रार्थना समाजाच्या विचारांच्या केळकर कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहिल्या आणि पतीपासून विभक्त झाल्यावर राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. हे पद यापूर्वी युरोपीय स्त्रियांकडे असे. त्या काळातील भारतीय स्त्रीला मिळू शकणाऱ्या शैक्षणिक पदांत ते फार वरचे होते. ते सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसून काम करण्यास येणे ही लोकांच्या नजरेत पदावनतीच होती. शिक्षणव्यवसायात मुलाचे वय जितके कमी तितका शिक्षकाचा मान आणि पगार कमी, हा उलटा हिशेब तेव्हाही होता आणि आजही पुरता सुटलेला नाही. ताराबाईंनी तो हिशेब प्रथम स्वतःपुरता नाकारला आणि मग पुढची पन्नास वर्षे इतरांसाठी तो बदलण्याचा प्रयत्न केला.

बालमंदिराची ख्याती पसरू लागली तशी गुजरातेतील व महाराष्ट्रातील गावांतून अशा शाळा काढण्याची इच्छा व्यक्त होऊ लागली, आणि लगेच ध्यानात आले की साधनांची पेटी विकत घेता येते किंवा सुताराकडून करून घेता येते, परंतु ती मुलापुढे केव्हा ठेवायची आणि केव्हा आपण बाजूला व्हायचे हे जाणणारी व्यक्ती बाजारात मिळत नाही. त्यातून भावनगरचे अध्यापन मंदिर, म्हणजे बालशिक्षक तयार करणारी प्रशिक्षण संस्था, उभे राहिले. प्राथमिक शिक्षकांच्या प्रचलित प्रशिक्षणात पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, वर्ग कसा ताब्यात ठेवावा यांवर भर असे. येथे मात्र मुलाचे निरीक्षण करणे आणि ते नोंदवून ठेवणे, स्वतःच्या हातांनी साधने तयार करणे, गोष्ट निवडणे व सांगणे, गाणे, मातीकाम, स्वच्छता आणि पालकांशी बोलणे हा अभ्यासक्रमाचा गाभा होता. दीक्षा घेतलेला शिक्षक मुलाला मारणार नाही, बक्षिसाचे आमिष दाखवणार नाही आणि दोन मुलांची तुलना करणार नाही, अशी अपेक्षा होती. छडीवाचून वर्ग चालतच नाही असे मानणाऱ्या काळात ही अपेक्षा केवढी होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. नूतन बाल शिक्षण संघ ही या प्रयत्नांना जोडणारी व्यापक संघटना होती : विखुरलेल्या बालमंदिरांना एकमेकांची ओळख, प्रशिक्षणाला एक स्थिर प्रमाण आणि विचारांना एक मुखपत्र मिळावे हा तिचा उद्देश होता, आणि ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक ते काम करू लागले. एकट्यादुकट्या गावी चार-पाच वर्षांच्या वीस मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला आपण करतो ते काम आणखी कोणी करत आहे, त्यालाही अशाच अडचणी येत आहेत, हे महिन्यातून एकदा कळणे हाच मोठा आधार होता.

ताराबाई १९३२ च्या सुमारास मुंबईस परतल्या. १९३३ पासून ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत निघू लागली आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडूनच बाल अध्यापन मंदिर चालू लागले. गिजुभाई १९३९ मध्ये निवर्तले आणि संघाच्या कार्याचे केंद्र त्यानंतर स्वाभाविकपणे महाराष्ट्रात आले. त्याच वर्षी स्वतः मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळील अड्यार येथे आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या आणि त्यांच्या अभ्यासवर्गांतून एक हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. देशात या पद्धतीचे प्रशिक्षण आता दोन प्रवाहांतून मिळू लागले. अड्यारहून निघालेला प्रवाह मूळ पद्धतीच्या शुद्धतेविषयी दक्ष होता, तर संघाचा प्रवाह स्थानिक भाषेतून, स्थानिक खर्चात आणि स्थानिक साधनांनी काम करू पाहणारा होता. दोन्हींची गरज होती. मात्र पुढे खेड्यात उतरण्याची क्षमता दुसऱ्यातच होती.

दादरचे वर्ग मुख्यतः शहरी मध्यमवर्गातील स्त्रियांना एक नवा व्यवसाय देऊ लागले. त्या पिढीतील शिकलेल्या स्त्रीपुढे मुलींच्या शाळेतील नोकरी, सुईणीचे किंवा परिचारिकेचे काम यांपलीकडे फारसे पर्याय नसत. विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित स्त्रीला तर सन्मानाने स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी असे प्रत्येक दार मोलाचे होते. बालशिक्षिकेचे काम घराबाहेरचे असूनही समाजाला परके वाटत नव्हते, कारण मुले सांभाळणे हे स्त्रीचेच काम अशी समजूत सर्वत्र होती. या समजुतीने स्त्रियांसाठी दार उघडले, हे खरे. परंतु जे काम स्त्रीला उपजतच येते असे मानले जाते त्याला शिक्षण कशाला हवे आणि पूर्ण वेतन तरी कशाला, असा युक्तिवादही तिच्यातूनच निघाला. संघाने प्रशिक्षणाचा आग्रह इतक्या कसोशीने धरला त्यामागे हे कारण होते. माया ही स्वाभाविक असेल, पण मुलाच्या रागामागचे कारण ओळखणे, त्याच्या हाताला झेपेल असे काम निवडणे आणि त्याने ते चुकत चुकत पुरे करेपर्यंत थांबणे ही शिकून येणारी विद्या आहे, हे संघाने पुन्हा पुन्हा मांडले.

शहरातील बालमंदिरे चांगली चालत असताना ताराबाईंचे मन त्यांत रमेनासे झाले, कारण या शाळांचा लाभ फी भरू शकणाऱ्या घरांपुरता मर्यादित राहात होता. १९४४ मध्ये सार्जंट समितीच्या अहवालाने देशभर तीन ते सहा वर्षांच्या दहा लाख मुलांसाठी शिशुशाळांची सोय करावी अशी शिफारस केली होती. त्याच सुमारास गांधीजी आपल्या नयी तालीम या शिक्षणविचाराचा विस्तार सात वर्षांखालील मुलांपर्यंत करू पाहात होते आणि त्याला पूर्वबुनियादी शिक्षण असे नाव मिळाले होते. पूर्वबुनियादी शाळा गरीब खेड्यात, नगण्य खर्चात आणि तिथल्या जीवनाला धरून चालली पाहिजे, ही त्यातली कसोटी होती. या कसोटीला उतरण्याचा प्रयत्न म्हणून १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डीत गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे गावाला शिक्षणाची परंपरा लाभली होती. गावाच्या पूर्वेस डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात मात्र वारली समाज वेठबिगारीत, म्हणजे जमीनदाराकडे विनामोबदला सक्तीने राबण्याच्या प्रथेत, अडकलेला होता आणि त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली या प्रथेविरुद्ध वारल्यांचा मोठा उठाव झाला. संघाचा मार्ग त्या लढ्याहून वेगळा होता, तरी ज्या समाजाच्या मुलांसाठी संघाला काम करायचे होते तो समाज याच काळात माणूस म्हणून उभा राहात होता, ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

या केंद्रासाठी ताराबाईंना ज्या सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. शिक्षण पुढे चालू ठेवून त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात नोकरी केली आणि त्यानंतर अनेक वर्षे पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकवले. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील ग्रामसेविका शिबिरात १९४५ मध्ये त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. पदवी परीक्षा त्यांनी १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर आणि डोळ्यांच्या विकाराशी झगडत, दिली. एका बालविधवेपासून राष्ट्रीय पातळीवर ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणतज्ज्ञेपर्यंतचा हा प्रवास त्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात आला आहे. बालशिक्षण हा व्यवसाय एखाद्या स्त्रीला किती दूर नेऊ शकतो याचे महाराष्ट्रात याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

बोर्डीतील पहिला अनुभव धडा देणारा होता. केंद्राची बालवाडी स्वच्छ आणि नीटनेटकी होती, तरी ज्या मुलांसाठी ती काढली ती मुले येत नव्हती. आई-बाप सकाळीच मजुरीला जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत किंवा गुरे राखत, आणि उघड्यावाघड्या मुलाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत आणून सोडण्याची सवड कोणालाच नसे. त्यातून, मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेनेच मुलांपर्यंत जावे, हा निर्णय झाला. शिक्षिका साधनांची पिशवी घेऊन दलित व आदिवासी वस्त्यांत जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. अंगणवाडी हा शब्द आणि ही रचना येथून पुढे देशभर गेली.

अंगणात शाळा भरण्याचे परिणाम दूरवर पोहोचणारे होते. बंद खोलीत जे पालकांना कधी दिसले नसते ते आता त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते : मुलांची तोंडे धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. कामावरून लवकर परतलेली आई, म्हातारी आजी, कडेवर तान्हे घेतलेली बहीण हळूहळू रिंगणात येऊन बसत आणि मुलांचे शिक्षण चालू असताना प्रौढांचेही शिक्षण होत असे. साधनांचा प्रश्न तर पुरताच बदलला. माँटेसरीची रंगीत लाकडी साधने महाग होती आणि या मुलांच्या जगाशी त्यांचे नातेही नव्हते. त्यांच्या जागी शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, बिया, पाने, पिसे, बांबूच्या नळ्या आणि मातीची भांडी आली. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंमधून तितकेच उत्तम शिकता येतात, शिवाय त्या गोळा करताना मूल रानात हिंडते आणि त्याला त्या वस्तूंची नावे आधीपासूनच ठाऊक असतात. मुलाला घरून मिळालेल्या ज्ञानावर शाळेने पुढचे रचावे, हे तत्त्व पुस्तकांतून पुष्कळदा सांगितले गेले आहे; बोर्डीच्या अंगणांत ते हाताने करून दाखवले गेले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतर केले, आणि वारली पाडे आता अगदी दाराशी आले. पाडा म्हणजे विखुरलेल्या घरांची छोटी आदिवासी वस्ती. कोसबाडला संघाच्या कामाला जे रूप आले त्याला विकासवाडी म्हणतात : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांचा एकाच आवारात केलेला मेळ. त्यामागचा विचार साधा आणि अचूक होता. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते; तेव्हा त्या भावंडासाठी पाळणाघर निघाले की दोघांच्याही शिक्षणाची एक अडचण दूर होते. जी मुले दिवसभर गुरांमागे असत त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक चरणीच्या जागी जाई, गुरे चरत असताना झाडे, पक्षी, गवताचे प्रकार, मोजमाप आणि अक्षरे यांचा अभ्यास चाले. दिवसा मुळीच न सापडणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. गैरहजेरीचा दोष मुलाच्या किंवा पालकाच्या माथी न मारता शाळेने आपले वेळापत्रक, जागा आणि पद्धत तपासून पाहावी, ही कोसबाडची शिकवण आजच्या शाळाबाह्य मुलांच्या मोजणीच्या काळातही तितकीच लागू आहे.

या कामाला लागणारी शिक्षिका दादरच्या शिक्षिकेहून फार वेगळी होती. तिला पाड्यापर्यंत चालत जाता यावे लागे, पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागत, वारली बोली समजावी लागे, आजारी मूल ओळखून दवाखान्यात पोहोचवावे लागे आणि सावकाराच्या किंवा दारूच्या प्रश्नावरही चार शब्द बोलावे लागत. शहरात तयार झालेली प्रत्येक शिक्षिका येथे टिकणे शक्य नव्हते. त्यामुळे ज्या परिसरात काम त्याच परिसरातील तरुण-तरुणींना, त्यांचे शालेय शिक्षण कमी असले तरी, तयार करण्याकडे संघ वळला. ताराबाईंनी या कामातला विचार लिहून ठेवला, तर अनुताईंनी ‘बालवाडी कशी चालवावी’ यासारख्या पुस्तकांतून अगदी जेमतेम शिकलेल्या सेविकेलाही हाताशी धरता येईल असे लेखन केले. रोजचा कार्यक्रम कसा आखावा, गाणी कोणती घ्यावीत, साधने कशी करावीत, नोंदी कोणत्या ठेवाव्यात, हे सगळे त्यात आहे. शिक्षणशास्त्राचे इतके थेट आणि सोप्या मराठीत उतरवलेले लेखन थोडेच आहे. प्रशिक्षण घेऊन परत आपल्या गावी गेलेल्या सेविकेला ‘शिक्षण पत्रिका’ मिळत राहणे, अडल्यास कोसबाडला येऊन पुन्हा पाहता येणे आणि अनुभवी कार्यकर्तीने तिच्या वाडीला भेट देणे, या गोष्टींमुळे एका अभ्यासक्रमाचे रूपांतर दीर्घकाळ टिकणाऱ्या व्यवसायात होऊ शकते. बालशिक्षणाच्या संस्थांनी नेमके काय करावे असा प्रश्न पडल्यास उत्तर येथे आहे : प्रमाणपत्र देऊन मोकळे न होता, शिक्षिका एकटी पडणार नाही एवढे पाहावे.

या सुमारास देशात इतर संस्थाही उभ्या राहिल्या होत्या. भारतीय बालकल्याण परिषद १९५२ मध्ये स्थापन झाली आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापासून तिने बालसेविका प्रशिक्षण चालवले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने बालवाड्यांना अनुदान दिले. १९६४ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. बालसेविका हे नाव आणि त्यासाठीचा ठराविक मुदतीचा अभ्यासक्रम यांमुळे या कामाला प्रथमच सरकारदरबारी ओळखता येईल असे रूप आले. मात्र त्यानंतर कोठारी शिक्षण आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर सोपवले आणि शासनाकडे साहाय्याची भूमिका दिली. प्राथमिक शिक्षकाला मिळालेली वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन व सेवेची सुरक्षितता बालशिक्षिकेपर्यंत न पोहोचण्याची बीजे या धोरणात आहेत. शहरांतून पूर्वप्राथमिक वर्ग भराभर वाढले, पण त्यांतील शिक्षिकेचे वेतन संस्थाचालकाच्या मर्जीवर राहिले आणि अडीच वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिल देऊन बसवणाऱ्या वर्गांवर कोणाचेच बंधन राहिले नाही. संघाने ज्या घाईविरुद्ध जन्मभर लिहिले ती घाईच पुढे शहरी पालकांना गुणवत्ता वाटू लागली, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरजू मुलाला पुढील उपचारांसाठी पाठवणे, माता व किशोरींचे पोषण-आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा एका सेविकेने आणि एका मदतनीस स्त्रीने, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या साथीने, द्यायच्या होत्या. स्थानिक स्त्री, वस्तीतली जागा, आरोग्य आणि शिक्षण यांची सांगड ही अंगणवाडीची अंगे बोर्डी-कोसबाडच्या अनुभवाशी जुळणारी होती. एवढ्या प्रमाणावर एखाद्या मराठी प्रयोगाचे नाव देशाच्या प्रत्येक भाषेत जाण्याचा योग क्वचितच येतो; आज देशात सुमारे चौदा लाख आणि महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

जे पोहोचले नाही त्याचाही उल्लेख याच ठिकाणी केला पाहिजे. योजनेने सेविकेला कर्मचारी न मानता मानसेवी, म्हणजे समाजासाठी अर्धवेळ सेवा देणारी, मानले आणि तिला वेतनाऐवजी मानधन देऊ केले. प्रारंभी ते मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये आणि न झालेल्या सेविकेस १०० रुपये होते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले मानधन सेविकेस ४,५०० आणि मदतनिसास २,२५० रुपये झाले व राज्ये त्यात आपापली भर घालतात. आहाराचे वाटप, वजनाच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि नोंदवह्यांच्या ओझ्याखाली सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा सर्वांत मागे पडली, आणि अंगणातला गोष्टीचा तास अनेक ठिकाणी खिचडीच्या रांगेपुरता उरला. यात सेविकेचा दोष नाही. कोसबाडला एका शिक्षिकेमागे प्रशिक्षण, पुस्तक, मासिक आणि अनुभवी सहकारी अशी जी उभी रचना होती, ती योजनेत आकड्यांच्या तपासणीपुरती आकसली, हे त्याचे खरे कारण आहे. ती उणीव काही अंशी सेविकांच्या स्वतःच्या संघटनांनी भरून काढली. मानधनवाढ, रजा आणि निवृत्तीनंतरचा लाभ हे विषय त्यांनी मोर्चे काढून आणि संप करून शासनापुढे ठेवले.

अनुताईंनी ताराबाईंनंतर जवळजवळ दोन दशके कोसबाडची धुरा वाहिली. ‘शिक्षण पत्रिके’चे संपादन, स्त्रियांच्या संघटनाचे काम आणि आदिवासी भागातील नव्या शाळा हे सारे त्यांनी उतारवयात केले, जमनालाल बजाज पुरस्कार आणि पद्मश्री हे सन्मान त्यांना याच काळात मिळाले. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभारली आणि डहाणू तालुक्यातील ऐने येथील कामातून बालशिक्षणाला मेंदूच्या विकासाविषयीच्या नव्या संशोधनाची जोड मिळाली. महाराष्ट्र बालशिक्षण परिषदेच्या वार्षिक अधिवेशनांतून राज्यभरच्या बालशिक्षिका पुढे एकत्र येऊ लागल्या. ‘शिक्षण पत्रिके’ने एके काळी केलेले एकटेपण दूर करण्याचे काम या अधिवेशनांनी दुसऱ्या रूपात चालू ठेवले. अनुताईंचे निधन २७ सप्टेंबर १९९२ रोजी झाले.

त्यानंतरच्या तीन दशकांत कायद्याची भाषा सावकाश बदलली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याच्या प्रयत्नांवर सोडले गेले; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही त्यासाठी शासन व्यवस्था करू शकेल इतकेच म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर म्हणून शालेय रचनेत प्रथमच सामावून घेतला आणि बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. बारावीनंतर दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका, गृहविज्ञान महाविद्यालयांतील मानवविकास या विषयाची पदवी आणि माँटेसरी प्रशिक्षण केंद्रांचे वर्ग हे या क्षेत्रात येण्याचे अन्य रस्ते आहेत. त्यांतून शाळेतील शिक्षिका, प्रशिक्षक, अभ्यासक्रमरचनाकार किंवा स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती अशी कामे मिळतात. शासकीय बाजूस परीक्षेद्वारे मुख्यसेविका, म्हणजे पंचवीसेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका, आणि तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे आहेत. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील दाहोदच्या सेविकांच्या प्रकरणात, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते असा निर्णय दिला आणि त्यांच्या कामाचे स्वरूप केवळ मानसेवी नाही हे न्यायालयीन भाषेत मान्य झाले.

त्याच वर्षी केंद्राने प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून आणि मुख्यसेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या सेविकांमधून, पात्रता पाहून, भराव्यात असे म्हटले आहे. पाड्यावरच्या एखाद्या स्त्रीने मुलांची तोंडे धुण्यापासून आणि खिचडी शिजवण्यापासून सुरुवात करावी, गाणी-गोष्टी शिकाव्यात, स्वतःचा वर्ग घ्यावा आणि शेवटी इतर वाड्यांना मार्ग दाखवावा, ही चढण आता कागदावर आली आहे. ती प्रत्यक्ष चढता यावी यासाठी लागणारे सायंकाळचे अभ्यासवर्ग, शालान्त परीक्षेला बसण्याची सवलत आणि रानातून गोळा केलेल्या चिंचोक्यांनी गणित कसे शिकवायचे हे दाखवणारी अनुभवी ताई यांची तजवीज प्रत्येक प्रकल्पात व्हायची आहे.